गुल्हाने सरांचा दुपट्टा

गुल्हाने सरांना चांगलं म्हणणारी माणसं यवतमाळ जिल्ह्यात इतकी आहेत, की त्यांत माझी भर पडावी अशी गरज नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. आम्ही कितीतरी वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी इंग्रजी. त्या काळात मी त्यांचा हेवा केला तो पगारापेक्षाही नियमितपणे, कारण पगार तेव्हा उशिरा व्हायचे.

आमचं विद्यापीठ खासगी होतं. लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत मागं पडली, की दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं लागायची आणि त्यांच्या मधोमध अचानक एक संगमरवरी कमान. संस्थापक भाऊसाहेबांनी आधी कमान बांधली, मग कारंजं, मग वडिलांचा पुतळा, आणि उरलेल्या जागेत वर्गखोल्या. कारंज्याला पाणी पाहुणे आल्यावर यायचं.

वर्षं वाईट होती. कापूस घरात पडलेला असायचा आणि भाव वर येत नव्हता. संकलन केंद्रावर गाड्या रात्रंदिवस उभ्या. जिल्ह्याची दशा पाहायला पथकं यायची, पत्रकार यायचे, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे यायचे. पाहायचे आणि जायचे. भाऊसाहेबांना वाटे, एवढे लोक जिल्हा पाहताहेत, तर निदान जिल्ह्यातल्या लोकांनी आपलं विद्यापीठ पाहावं. कारण जागा रिकाम्या होत्या. उन्हाळ्यात आम्ही प्राध्यापक मंडळी पत्रकं घेऊन गावोगाव हिंडायचो आणि बारावी झालेल्या मुलांना आईबापांसकट गोळा करायचो. मग ठरलेल्या दिवशी ती सगळी यायची आणि त्यांना विद्यापीठ दाखवलं जायचं. या कार्यक्रमाचं नाव 'परिसर-दर्शन'. नाव मीच दिलं होतं.

पुस्तिकाही मीच लिहिली होती. ती नालंदा आणि तक्षशिलेपासून सुरू व्हायची आणि तीन परिच्छेदांत लोहाऱ्याला पोचायची. लोकांना ती आवडली असावी, कारण सगळे तिनंच वारा घ्यायचे. पहिलं दर्शनही मीच घडवलं. कारंज्यापाशी उभा राहून ज्ञानाच्या अखंड प्रवाहाबद्दल बोलत होतो, तेवढ्यात मागून एक बाप म्हणाला, "सर, संडास कुठीसा हाय?"

मी सौजन्यानं दिशा दाखवली.

"मले नाही जायचं," तो म्हणाला. "पोट्टी राहीन ना होस्टेलात. तिच्यासाठी पाहून घेतो."

मी त्याला उत्तर देण्याआधी गर्दीतून गुल्हाने सर पुढं झाले आणि म्हणाले, "चाल भाऊ, तिथूनच सुरू करू." सगळा जमाव त्यांच्यामागं निघून गेला. कारंज्यापाशी मी आणि पुतळा राहिलो. त्या दिवसापासून परिसर-दर्शन त्यांचं झालं.

दिसायला माणूस ठेंगणा, रुंद. अंगात सफारी आणि खांद्यावर पांढरा दुपट्टा. दीक्षान्त समारंभाच्या काळ्या झग्यावरही तो दुपट्टा असायचा. वडील राळेगावकडचे, बैलबाजारातले दलाल. ही गोष्ट लोक लपवतात. गुल्हाने ती कुलगुरूंनाही पहिल्या भेटीत सांगत. माणूस साधा होता असं कुणाला वाटत असेल, तर तो समज मी दूर करतो. प्रशासकीय इमारतीच्या काचेच्या दारापाशी थांबून केस बसवल्याशिवाय ते कधी आत गेले नाहीत. स्वतःच्या विनोदावर ते विनोद संपायच्या आधी हसत. एकदा भेटलेल्या माणसाचं नाव ते विसरत नसत, आणि आपण विसरलो नाही हे समोरच्याच्या लक्षात आलं की नाही, याकडंही त्यांचं लक्ष असे.

परिसर-दर्शनाची त्यांची सुरुवात ठरलेली होती.

"पाहा बाप्पा, बाजारात बैल आणला का मालकानं खोड आधी सांगाव लागते. मारका हाय, बसका हाय, का दावं तोडते. नाही सांगतली, तं घेणारा पुढच्या बाजारी येऊन मालकाचीच मुंडी धरते. आता आमची खोड ऐका."

मग ते वसतिगृह दाखवत. "मार्चपासून टँकर. आला तं आंघोळ, नाही तं देवाचं नाव." खानावळीत नेत. "वरणात डाळ असते असं म्हणतात. सापडली तं मले आणून दाखवा." प्रयोगशाळेत लाकडी पेट्यांची चळत होती. "हे यंत्रं परदेशातले हायेत. पेटी उघडाले कंपनीचा माणूस येऊन राह्यला. दोन वर्षं झाले, येऊनच राह्यला." ग्रंथालयात आले की म्हणत, "हे मात्र झकास हाय. बसाले जागा भेटते, कारण कोणी येत नाही."

एकदा एका बाईनं त्यांना धरलंच. "मंग सर, पोट्टी कायले टाकाव इथं?"

"शिकवणारे चांगले हायेत म्हून. हे जोशी सर पाहा. यांचं इंग्रजी ऐकलं का लेकराचं डोस्कं उघडते. पहिले दुखते, मंग उघडते."

सगळे हसले. मीही हसलो. चारचौघांत दुसरं करता येत नाही.

आणि शेवटी तो दुपट्टा. कमानीच्या बाजूला एक कडुनिंब होता. तिथं ते एकेका बापाला थोडं बाजूला घेत, त्याचा हात हातात धरत आणि दोन्ही हातांवर दुपट्टा टाकत. बैलबाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबून किंमत ठरते, भोवतीच्या बघ्यांना कळत नाही. मुलं फिदीफिदी हसायची. बाप मात्र गंभीर व्हायचे. दोघं दोन दिशांना पाहत उभे राहायचे, कापड थोडं हलायचं. मग गुल्हाने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल देत. कधी म्हणत, "जमलं! उद्या कागदं घेऊन ये." आणि कितीदा तरी म्हणत, "नाही भाऊ. आमचं विद्यापीठ तुह्या पोराच्या लायकीचं नाही. येले सरकारीत टाक, नाही तं आयटीआयले. तिथं यंत्रं पेटीच्या भायेर हायेत."

ते पोरगं मग जाताना कमानीकडं असं पाहायचं, की जणू त्यानंच तिला नापास केलंय.

मला हा सगळा तमाशा वाटायचा. आम्ही उन्हातान्हात फिरून माणसं आणायची आणि यांनी प्रामाणिकपणाचं प्रदर्शन मांडून ती परत पाठवायची. टाळ्या यांना, पगार सगळ्यांचाच लांबणीवर. भाऊसाहेबांच्या कानावर कुणीतरी हे घातलं. (मी नव्हे. पण ज्यानं घातलं त्याच्याबद्दल मला आदर वाटला.) भाऊसाहेबांनी गुल्हान्यांना बोलावलं तेव्हा मी त्यांच्याच दालनात एका मानपत्राचं इंग्रजी नीट करत बसलो होतो.

"गुल्हाने, तुम्ही आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता म्हणे?"

"पाठवतो."

"काहून?"

"भाऊसाहेब, जे पोरगं मधातच सोडून जाते, थे गावात बसून वर्षभर आपल्याले नावं ठेवते. जे आलंच नाही, थे एकच दिवस ठेवते."

भाऊसाहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी चहा मागवला. दोन कप. त्या दालनात मी वर्षानुवर्षं मानपत्रं लिहिली होती. चहाचा कप तिथं मला पाहायला मिळाला तो त्या दिवशी, दुसऱ्याच्या हातात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण त्या वर्षी माझी मुलगी मुक्ता बारावी झाली.

ती आमच्याच विद्यापीठात येणार हे ठरलेलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. संगणकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम सुरू होत होता आणि प्राध्यापकांच्या मुलांना फी माफ होती. भाऊसाहेबांनी तर त्याचा सोहळाच करायचं ठरवलं. "आमचे मास्तर आपली लेकरं बाहेर शिकवतात असं लोक बोलतात. पहिला प्रवेश तुमच्या मुलीचा. हार, फोटो, पेपरात बातमी." मला हारातुऱ्यांचं कौतुक नाही. मला एवढंच हवं होतं, की रोज सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागं बसेल आणि लोहाऱ्यापर्यंत आम्ही गप्पा मारत जाऊ. हे मी घरात कधी बोललो नव्हतो. बोलायची गरज आहे असं वाटलं नव्हतं.

मुक्ता रविवारी गुल्हान्यांकडं रसायनशास्त्र शिकायला जायची. तेव्हापासून आमच्या जेवणात एक नवीन पदार्थ आला होता : 'गुल्हाने सर म्हणतात'. गुल्हाने सर म्हणतात, चूक लवकर करावी. गुल्हाने सर म्हणतात, ज्याला समजलं नाही त्यानं हात वर करावा, ज्याला समजलं त्यानं दोन्ही. मी या मुलीला ती मांडीवर होती तेव्हापासून पुस्तकं वाचून दाखवली. ती दुसऱ्या कुणाच्या घरी 'बाबा म्हणतात' असं म्हणते का, याची मी चौकशी केली. म्हणत नव्हती.

"परिसर तुझ्या पाहण्यातलाच आहे," मी म्हटलं. "सरळ प्रवेश घे."

"सगळ्यांबरोबर पाहते ना, बाबा. गुल्हाने सर दाखवतात तसा."

त्या दिवशी राळेगावची बस होती आणि झरी जामणीकडून एक जीप भरून आलेली. मुक्ता त्या घोळक्यात चालत होती, पेट्यांपाशी हसत होती, खानावळीत वरणात डोकावत होती. मी चार पावलं मागं. भाऊसाहेबांचा पीए झेंडूचा हार पिशवीत घेऊन माझ्याही मागं.

कडुनिंबाखाली आमची पाळी आली. मी शर्टाची बाही सारून हात पुढं केला. थोडा उत्सुकही होतो. इतकी वर्षं बाहेरून पाहिलेलं ते कापड.

"तुमचा नाही, सर," गुल्हाने म्हणाले. "तुम्ही तं घरचे. पोरीचा हात पाह्यजे."

ते तिच्या कानाशी वाकून काही बोलले. तिनं मान हलवली. दुपट्टा पडला. मुक्ता कमानीकडं पाहत होती, गुल्हाने पऱ्हाटीकडं, आणि मी त्या दोघांकडं. कापड एकदाच हललं.

मग त्यांनी दुपट्टा झटकला आणि नेहमीच्या आवाजात, पीएसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जोशी सर, ही पोरगी इथं ठेवू नका. वाया जाईन. नागपूरले पाठवा."

पीएनं पिशवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि जाऊन तो हार पुतळ्याच्या गळ्यात घातला.

घरी मुक्ता म्हणाली, "सर म्हणतात तर नागपूरलाच जाते." बायको, वसुधा, रडली. मग तिनं मला विचारलं, "तुम्ही तिला काही बोललात का? पोरगी घर सोडून जायचं कशी म्हणते?" हा प्रश्न ती त्यानंतर रोज विचारत राहिली. मी गुल्हान्यांशी बोलणं बंद केलं आणि टेबल फिरवून भिंतीकडं तोंड करून बसू लागलो. भाऊसाहेबांनी परिसर-दर्शन त्यांच्याकडून काढून घेतलं. आता बॅटरीच्या गाडीतून, भोंग्यावर माझी पुस्तिका वाचत, पाहुणे फिरवले जाणार होते. गुल्हान्यांनी पांढरकवड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. मी जिंकलो होतो असं म्हणायला हरकत नव्हती.

जागा मात्र रिकाम्याच होत्या. म्हणून मला पुन्हा पत्रकं देऊन राळेगाव तालुक्यात पाठवलं. एका गावात एसटीची वाट पाहत होतो. शेजारी एक माणूस सायकल टेकवून उभा होता, पन्नाशीचा. त्यानं पत्रकावरची कमान ओळखली.

"हे तं गुल्हाने सरांचं कॉलेज. कसे हायेत सर?"

"आहेत," मी म्हटलं. "तुमचा मुलगा आमच्याकडं आहे का?"

"नाही जी. मागच्या साली पाहाले आलतो. आता आयटीआयले हाय."

"म्हणजे तुम्हालाही त्यांनी परतच पाठवलं."

बोलावं की नाही, असं त्या माणसाचं चाललं असावं. मग म्हणाला, "त्यायनं नाही पाठवलं, सर. मीच बोट दाबलं. एक."

"म्हणजे?"

"म्हणजे एकच साल. पहिलं साल कसंतरी निभलं असतं, पुढचं जमत नोयतं. पोट्टं कमान पाहून असं खूष झालतं, का तेच्या तोंडावर कसं सांगाव? सरांनं कापड टाकलं, हळूच म्हटलं, 'किती सालाची फी झेपते थे बोटानं सांग, लेकराले समजत नाही.' मी सांगतलं. सरांनं कापड काढलं न मोठ्यानं म्हणाले, कॉलेजच तुह्या पोराच्या लायकीचं नाही!" तो हसला. "पोट्टं घरी आलं थे कॉलेजले नावं ठेवत आलं. माह्यावर नाही रागावलं."

एसटी आली. तो सायकलवर गेला.

म्हणजे इतकी वर्षं त्या कापडाखाली गुल्हाने काही सांगत नव्हते. बाप सांगत होते. पोरांच्या देखत जे तोंडातून निघत नाही ते सांगत होते. आणि नंतरचा तो मोठ्या आवाजातला निकाल, ते सगळं खोड सांगणं, हे बापांच्या वाटणीचे बोल स्वतःच्या अंगावर घेणं होतं. मला चांगलं वाटायला हवं होतं. पण बस राळेगाव सोडेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. बाप सांगत होते, तर मग त्या दिवशी सांगितलं कुणी?

घरी मुक्ता बॅग भरत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "तू काय केलं होतंस दुपट्ट्याखाली?"

तिनं हातातला कुडता घडी करून ठेवला. "मूठ. सर म्हणाले, इथं यायचं असेल तर एक बोट, नसेल तर मूठ."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समजावलं असतं."

"मग?"

"तुम्ही फार छान समजावता, बाबा. मी राहिले असते." दुसरा कुडता उचलत ती म्हणाली, "तिथं मी सगळ्यांना जोशी सरांची मुलगी असते. मला एकदा नुसतं मुक्ता म्हणून कुठं तरी जायचंय."

मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्यातलं काही त्या वेळी आठवलं नाही.

ती निघाली त्या सकाळी गुल्हाने यवतमाळच्या स्टँडवर हजर. पांढरकवड्याला जायची त्यांची गाडीही त्याच दिवशी होती. नागपूरच्या ड्रायव्हरला ते नावानं ओळखत होते, हे सांगायला नकोच. त्यांनी मुक्ताच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. ती आमच्या पाया पडली, मग त्यांच्या, आणि त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ वाकली. गाडी फलाटावरून मागं गेली, वळली, गेली.

वसुधानं पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्या स्टँडसमोर तोच प्रश्न विचारला. "खरं सांगा, तुम्ही काय बोललात तिला? उगीच नाही जात पोरगी."

मी उत्तर देऊ शकलो असतो. उत्तर मला आता ठाऊक होतं. ते तोंडाशी येऊन तिथंच थांबलं.

गुल्हाने माझ्या बाजूला सरकले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी हातावर घेतला. "या, सर."

"भलतंच काय. लोक पाहताहेत."

"लोक पाहतेत म्हून तं दुपट्टा असते."

मी हात दिला. मला बोटांची भाषा येत नाही. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणी बैल विकला नाही. मी नुसता हात धरला, आणि बहुधा जरा जोरानंच धरला. ते पांढरकवड्याच्या गाडीकडं पाहत राहिले. मग त्यांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि वसुधाकडं वळून आख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, रागवाचं तं माह्यावर रागवा. पोरगी मी फितवली. सर तं ठेवतच होते."

वसुधा रागावली. स्टँडच्या मधोमध, हमाल आणि कंडक्टर थांबून ऐकत असताना, तिनं त्यांना धारेवर धरलं. आमची एकुलती एक पोर, तुम्हाला काय अधिकार, तुम्हाला मुलं असती तर कळलं असतं, सगळं. इतक्या दिवसांचं साठलेलं ती एका दमात बोलत होती आणि गुल्हाने मान खाली घालून, सत्कार स्वीकारावा तसे, "हो वहिनी, खरं हाय वहिनी," म्हणत उभे होते. त्यांची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी ते हलले नाहीत. तिचं बोलून संपेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. आणि तेव्हाही, तिथं बॅगा ठेवायच्या कट्ट्यापाशी उभा राहून, माझ्या मनात जे पहिलं आलं ते हेच, की इतक्या वर्षांत वसुधा इतकी मोकळी होऊन माझ्यावर कधी रागावली नव्हती.